पाच भाषांतले आभार आणि पुसुकटोल्याचा रपटा

आमच्या भागात कार्यक्रम संपल्याचं कळतं ते आभारप्रदर्शनावरून नव्हे, पत्रावळी मांडल्याच्या आवाजावरून. "आभारप्रदर्शनासाठी मी अमुक यांना विनंती करतो" एवढं सूत्रसंचालक म्हणाला की अर्धा मंडप उठतो आणि उरलेला अर्धा चपला शोधायला लागतो. प्रमुख पाहुण्यांची गाडी सुरू झालेली असते. ज्यांना विनंती केली ते अमुक तर केव्हाच मसालेभाताच्या पातेल्याजवळ जाऊन उभे असतात. अशा वेळी मंडपात शेवटपर्यंत थांबणं ज्याला भाग आहे असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे माईकवाला. त्याचे भोंगे झाडाला बांधलेले, वायरी जमिनीवर पसरलेल्या. तो जाणार कुठे?

तो माईकवाला मी. आम्ही मूळचे वरोऱ्याचे. वडील कापसाच्या बाजाराजवळ स्टोव्ह आणि बॅटऱ्या दुरुस्त करायचे. मी भोंगे घेतले आणि गडचिरोलीला दुकान टाकलं, कारण तिथे सरकारी कचेऱ्या होत्या आणि कचेरी तिथे कार्यक्रम. पहिल्या वर्षी मी फक्त बटणं दाबत होतो. मग एकदा एका उद्घाटनात आभार मानणारे गुरुजी जेवायला पळाले आणि संयोजक माझ्या अंगावर ओरडले, "अरे रहमान, तूच म्हण काहीतरी!" मी म्हटलं. लोकांना ते आवडलं, कारण ते लवकर संपलं. तेव्हापासून भोंग्यांबरोबर आभारही माझ्याकडेच आले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आभार म्हणजे काय, नावं वाचायची आणि हात जोडायचे. तसं नाही हो. भाषण चुकलं तर लोक विसरतात, आभारातलं नाव चुकलं तर नातवंडांपर्यंत वैर चालतं. म्हणून आमच्या धंद्यात "ज्ञात-अज्ञात सर्वांचे" हा शब्द फार जपून ठेवतात. त्यात कोणालाही कोंबता येतं. तरीही मी अडकलोच. वरोऱ्याला एका शाळेच्या गॅदरिंगनंतर दुसऱ्या दिवशी एक व्यापारी तावातावाने आला.

"काऊन हो रहमानभाऊ, सगळ्याइचे आभार मानले, माहे नाई मानले?"

"शेठ, तुम्ही तर आलाच नव्हता."

"मंग! मी आलो नाई म्हणून त कार्यक्रम शांततेत झाला ना!"

म्हणणं खरं होतं. त्या गृहस्थांनी आदल्या वर्षी स्टेजवरच दोन पंचांना खुर्च्यांसकट खाली ढकललं होतं. पुढच्या कार्यक्रमात मी "जे येऊ शकले नाहीत त्यांचे विशेष आभार" असं म्हटलं. सगळ्या मंडपाने मान डोलावली आणि शेठनी संध्याकाळी पेढे पाठवले.

हळूहळू माझी कीर्ती पसरली आणि मी पाटी करून घेतली: 'पाच भाषांत आभार मानले जातील. मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, बंगाली.' पाटीवर खाली जागा उरली म्हणून पेंटरने 'गोंडी' हेही लिहून टाकलं. मी म्हटलं, "अरे, मग सहा झाल्या." तो म्हणाला, "राहू दे ना भाऊ, कोण मोजून राह्यलं?"

मला हे शब्द येत होते, पण ते कोणाला लागत होते हा प्रश्नच होता. सिरोंच्याकडे एका लग्नात मी एका तेलुगू मास्तरांकडून पाठ करून घेतलेलं "धन्यवादालु" मोठ्या थाटात म्हटलं, तर पुढच्या रांगेतली म्हातारी दचकून शेजारणीला विचारायला लागली की कोण गेलं. तिच्या आयुष्यात असे जड शब्द एवढ्या मोठ्याने कोणी मेल्यावरच बोलले गेले होते. बंगाली वस्तीत "धोन्नोबाद" म्हटलं, तर लोकांनी विचारलं, निवडणूक लागली का? कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात एका मुकादमाच्या निरोपाला मी पाचही भाषांत एकामागून एक आभार मानले आणि मुकादम घाबरून म्हणाला, "बस करा भाऊ, मी चोरी थोडीच केली!"

तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं की प्रत्येक भाषेत आभाराचा शब्द आहे, पण तो शोकेसमधल्या कपबशीसारखा आहे. रोजचा चहा त्यात कोणी पीत नाही. आमची झुबेदा हे फार आधीच सांगत होती. "पाच जबान में शुक्रिया बोलते, घर में एक में भी नहीं," असं ती चहाचा कप आपटून म्हणायची. मी म्हणायचो, "साखर कमी आहे." आमचा संसार त्यावर उत्तम चालला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे लिमयेसाहेब आणि पुसुकटोल्याचा रपटा.

लिमयेसाहेब रस्त्यांच्या कामावरचे अभियंते, पुण्याकडचे. माणूस सोन्यासारखा, पण धन्यवाद म्हणायची सवय भयंकर. चहा ठेवला की धन्यवाद, फाईल उचलली की धन्यवाद, दार लोटलं की धन्यवाद. त्यांचा शिपाई शंकर एकदा माझ्या दुकानात येऊन बसला. चेहरा पार उतरलेला.

"रहमानभाऊ, साहेब मले रोज धन्यवाद म्हणून राह्यले. माही बदली त नाई न करून राह्यले?"

मी सांगितलं, पुण्याकडे असंच असतं.

"मंग शिव्या कवा देते ते?"

"देतच नाहीत."

हे ऐकून तो जास्तच घाबरला.

तर एका पावसाळ्यात साहेबांची जीप पुसुकटोल्याच्या नाल्यात वाहून गेली. जंगलातलं लहानसं गोंडांचं गाव, नाल्याच्या पलीकडे. गावातल्या लोकांनी साहेबांना पाण्यातून ओढून काढलं. गावप्रमुख लालसू, ज्याला तिथे गायता म्हणतात, त्याने त्यांना आपल्या घरी नेलं. पाणी उतरेपर्यंत साहेब तिथेच अडकले. ताप भरला होता. लालसूने त्यांना खाटेवर घातलं, शेकलं, आंबील पाजली. बरे झाल्यावर साहेबांना कळलं की ही खाट कसली होती. थोड्याच दिवसांपूर्वी लालसूच्या सुनेला, सोमारीला, अडलेली असताना याच खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणलं होतं. पाणी उतरेना. सगळे काठावर बसून राहिले. सोमारी वाचली, तिचं मूल गेलं.

साहेबांनी मनाशी ठरवलं, पुढच्या पावसाळ्याआधी इथे रपटा झालाच पाहिजे. रपटा म्हणजे बुटका पूल. मोठ्या पुरात त्याच्यावरूनही पाणी जातं, पण लगेच उतरतं, आठ-आठ दिवस गाव तुटत नाही. साहेब नागपूरपर्यंत धावले आणि मंजुरी आणली. तोवर संक्रांत झाली होती आणि सोमारीला पुन्हा दिवस गेले होते. आषाढात ती मोकळी होणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रपटा हवा तर आत्ताच.

एकच गोष्ट अडत होती. दुसरीकडे सगळा काठ धसणारा, त्यामुळे रपट्याकडे जाणारी वाट गावाच्या देवाच्या झाडांजवळूनच काढावी लागणार होती, आणि तिला गायत्याने गावासमोर हो म्हटलं पाहिजे. भूमिपूजनाला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर हो झालं तर काम सुरू, नाही झालं तर मंजुरी दुसऱ्या तालुक्यात.

लिमयेसाहेब माझ्या दुकानात आले. पाटीकडे बोट करून म्हणाले, "रहमानभाई, मला त्या गावाचे आभार गोंडीत मानायचे आहेत. त्यांच्या भाषेत, माइकवरून. तुम्ही शब्द सांगा. धन्यवाद."

मला बाजारापुरती गोंडी येत होती. मीठ, बैल, पाऊस, भाव. आभाराचा शब्द येत नव्हता. पण पाटी भिंतीवर होती. मी म्हटलं, "झालं समजा, साहेब." आणि दुसऱ्या दिवशी बसने, मग सायकलने, पुसुकटोला गाठला.

लालसू अंगणात बांबूची टोपली विणत बसला होता. पाठीत पार वाकलेला, पण डोळे मिश्किल. त्याला तोडकं मराठी यायचं. मी विचारलं, "गायता, कोणी जीव वाचवला तर तुमच्यात त्याला काय म्हणतात?"

"कोणाले म्हणाचं हाय?"

"साहेबांना. तुम्हाला म्हणायचंय."

"साहेब आमचा कोण लागते?"

"कोणी नाही. साहेब लागतात."

लालसूने टोपली खाली ठेवली. "मंग शब्द कसा सांगू? भाऊ असन त काईच म्हणत नाई. भावाले कोण म्हणते? सगा असन त म्हणते."

"सग्याला, म्हणजे सोयऱ्याला, काय म्हणतात?"

त्याने सांगितलं. मी इथे ते जसंच्या तसं लिहू शकत नाही. हा दिवाळी अंक घरातली सगळी माणसं वाचतात. एवढंच सांगतो की त्यात समोरच्याचं नाक होतं, त्याचं खाणं होतं आणि एक माकड होतं.

"अहो, ही तर शिवी झाली!"

"मंग? सग्याले आणखी काय देते?" लालसूला माझंच नवल वाटलं.

मला एकदम आमची लग्नं आठवली. आमच्यातही समधी, म्हणजे व्याही, जेवायला बसला की बायका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार गाण्यांत करतात, आणि कोणी केला नाही तर समधी रुसून बसतो. म्हणजे गोष्ट परकी नव्हती. सोयऱ्याची चेष्टा हाच त्याचा मान. त्याने उलट चेष्टा केली की नातं पक्कं. चिडला, किंवा कोरडं काहीतरी बोलून गप्प झाला, की संपलं.

"आन् देवाच्या झाडाजवळून वाट परक्याले देत नाई," लालसू म्हणाला. "पह्यले सांग, साहेब किती देवाचा?"

वाचकांसाठी सांगतो. गोंडांमध्ये कुळं देवांच्या संख्येवर असतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. तुमची आणि समोरच्याची संख्या एक असेल तर तुम्ही भाऊ, वेगळी असेल तर सगे, म्हणजे सोयरीक होऊ शकते असे. एवढं कळलं की कोणाशी कसं बोलायचं ते कळतं.

मी परत गडचिरोलीला. "साहेब, तुम्ही किती देवाचे?"

"म्हणजे?" लिमयेसाहेब गोंधळले. बरंच आठवून म्हणाले, "आमचं कुलदैवत एक आहे, घरी देव्हाऱ्यात बरेच आहेत. तसे एकूण म्हणाल तर तेहतीस कोटी."

मी इमानेइतबारे तेच उत्तर पुसुकटोल्याला पोचवलं. लालसूने गावातले म्हातारे बोलावले. म्हातारे मोहाच्या झाडाखाली बसले आणि दुपार कलेपर्यंत चर्चा चालली. साताच्या पुढचा माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता. एकजण म्हणाला, "येवढ्या देवाइच्या घरी पोरगी कोण देईन? रांधू रांधूच मरन ना ते!" दुसऱ्याचं म्हणणं, एवढे देव आहेत तर त्यात आमचे सहा कुठेतरी असतीलच, म्हणजे हा भाऊच. तसं ठरलं असतं तर आभाराचा प्रश्नच मिटला असता आणि रपटाही. सग्याकडून हक्काने घेता येतं, पण भावाकडून पूल मागून घेणं त्यांना कमीपणाचं वाटलं असतं.

शेवटी लालसूनेच तोड काढली. "सुना कुठून येते? नाल्याच्या तिकडून. सगा कुठून येते? नाल्याच्या तिकडून. साहेब कुठून आला? नाल्याच्या तिकडून. पाण्यातून आला, पन तिकडूनच आला ना? मंग सगाच हाय तो."

सगळ्यांनी मान डोलावली. निकाल लागला. आता भूमिपूजनाच्या दिवशी लालसू माइकवरून साहेबांची चेष्टा करणार, आणि साहेबांनी उलट करायची. केली तर वाट मिळाली.

मी कपाळाला हात लावला. त्या माणसाने जन्मात कोणाला "ए" म्हटलं नव्हतं.

साहेबांना समजावून सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात आषाढ शोधला. सोमारीचं नाव त्यांनी काढलं नाही. मग म्हणाले, "शिकवा मला." संध्याकाळी कचेरी सुटल्यावर माझ्या दुकानात शिकवणी सुरू झाली.

"'आपण जरा मंद दिसता', हे चालेल?"

"साहेब, 'आपण' आलं की चेष्टा मेलीच."

"बरं. 'तुम्ही जरा मंद आहात. राग मानू नका.'"

"राग मानू नका काढा."

"मग राग येईल ना त्यांना!"

शेवटी मी म्हटलं, सरावाला माणूस घ्या. शंकर शिपायाला बोलावलं. साहेबांनी डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि ओरडले, "शंकर, तू गाढव आहेस!" शंकरच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलं. "हं साहेब," तो म्हणाला, "आता कसं घरच्यासारखं वाटून राह्यलं." साहेबांनी लगेच त्याची माफी मागितली आणि सगळी मेहनत पाण्यात गेली.

भूमिपूजनाचा दिवस आला. मोठे साहेब गंभीर चेहऱ्याने खुर्चीवर. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं, कारण कसं सांगायचं ते कोणालाच सुचलं नव्हतं. समोर सगळं गाव. बायकांच्या घोळक्यात सोमारी, पदर पोटावर ओढून बसलेली. लालसू माइकपाशी आला आणि गोंडीत बोलायला लागला. मजकूर त्याने मला आदल्या दिवशी समजावला होता. मी मराठीत सांगत गेलो.

"आम्ही नाल्यात माशासाठी जाळं टाकलं होतं. मासा आला नाही, हा आला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, खायच्या कामाचा दिसेना. बाजारात कोणी घेईना. म्हणून ठेवून घेतला. आमची आंबील मात्र सगळी पिऊन गेला. आता म्हणतो पूल बांधतो. पुन्हा आंबील प्यायला येता यावं म्हणून बांधतोय, दुसरं काही नाही."

गाव हसून लोटपोट. मोठे साहेब माझ्याकडे वळले. "हे काय चाललंय? ही कृतज्ञता आहे?"

"भावार्थ तोच आहे, सर," मी म्हटलं.

लिमयेसाहेब उठले. माइकपाशी आले. लालसू मान तिरपी करून वाट पाहत होता. साहेबांनी माइक जवळ ओढला, आणि मला दिसलं की त्यांची जीभ दातांना टेकली आहे. धन्यवादाचा 'ध' येतोय! मी आयुष्यात कोणाच्या भाषणात माइक बंद केला नव्हता. आमच्या धंद्यात ते पाप आहे. मी बटण खाली दाबलं.

"ध...." एवढं साहेबांच्या ओठांपाशीच राहिलं. त्यांनी माइक ठोकून पाहिला. फुंकला. माझ्याकडे पाहिलं. मी वायरीत तोंड घालून बसलो. माइक नाही म्हटल्यावर त्या माणसाला काय झालं कोणास ठाऊक. कदाचित माइकसमोर आपण सगळेच पुण्याचे होतो. ते स्टेजच्या कडेला गेले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून ओरडले:

"ए लालसू! म्हाताऱ्या! ताप मला पाण्याने नव्हता आला, तुझ्या आंबिलीने आला होता! मासा समजून धरलास तर नीट रांधायचा तरी! रांधता येत नाही, जाळं टाकता येत नाही, आणि म्हणे गायता!"

लालसूला भाषांतर लागलं नाही. तो पोट धरून खाली बसला, मग उठला आणि गर्दीकडे तोंड करून ओरडला, "वाट देली रे याले! देली!" बायकांनी साहेबांच्या नावाने आणखी काय काय म्हटलं ते मी मोठ्या साहेबांपर्यंत पोचू दिलं नाही.

इथेच संपायला हवं होतं, पण सरकारी काम आहे. रपटा मृगाच्या आधी तयार झाला आणि बंद राहिला, कारण उद्घाटन व्हायचं होतं. मोठ्या साहेबांना वेळ मिळेना. तारीख पडायची, पुढे जायची. दोन्ही बाजूंना मुरूम भरलेले ड्रम लावले, बोरीची काटेरी झुडपं टाकली आणि 'उद्घाटन होईपर्यंत वापर बंद' अशी पाटी. खाली लिमयेसाहेबांची सही.

शेवटी एक तारीख नक्की झाली. स्टेज कुठे, भोंगे कुठे, हे पाहायला साहेब आणि मी जीपने गेलो. दुपारी असा पाऊस सुरू झाला की समोरचं दिसेना. नाला भरभर चढत होता. आणि पलीकडून चार माणसं खाट खांद्यावर घेऊन येताना दिसली. पुढे वाकलेला लालसू. खाटेवर सोमारी.

ड्रमपाशी चौकीदार आडवा उभा राहिला. "नाई जाता येत. उद्घाटन नाई झालं."

"बाजूला हो!" मी ओरडलो.

"भाऊ, मले काऊन ओरडून राह्यले? साहेबाइचीच ऑर्डर हाय. कोनाले सोडू नको म्हनून सही हाय त्याइची."

साहेब पाटीसमोर उभे राहून स्वतःची सही वाचत होते. पावसाने चष्मा भरलेला. पलीकडून सोमारीचं ओरडणं ऐकू आलं आणि साहेबांनी माझा दंड इतका घट्ट धरला की तो नंतर काळा पडला. दुसरा कोणी असता तर ड्रमला लाथ मारून मोकळा झाला असता. पण हा माणूस नियमाशिवाय श्वास घेत नव्हता.

"रहमान," ते म्हणाले. भाई नाही, धन्यवाद नाही. "फीत आहे?"

"फीत? नाही, साहेब."

"काहीतरी दे. वायर दे."

मी खांद्यावरच्या भेंडोळ्यातून नवी कोरी वायर ओढली. चौकीदाराने एक टोक धरलं, मी दुसरं. साहेबांनी माझी पक्कड घेतली, भर पावसात ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हा रपटा जनतेसाठी खुला झाल्याचे मी जाहीर करतो." आणि वायर तोडली. चौकीदाराने सवयीने टाळ्या वाजवल्या. मग आम्ही तिघांनी मिळून दोन्ही बाजूंचे ड्रम आणि झुडपं नाल्यात ढकलली. चौकीदार सगळ्यात जोरात ढकलत होता.

पाणी रपट्याला टेकलं होतं. खाट आली, जीपमध्ये चढली. सबंध वाट साहेब मागे बसून तिचं डोकं खड्ड्यांत आपटू नये म्हणून धरून होते. प्रत्येक खड्ड्याला ते रस्त्याला शिव्या देत होते. रस्ता त्यांच्याच खात्याचा होता. दवाखान्याच्या दारात पोचलो आणि थोड्या वेळात आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. दोघी ठणठणीत. लालसू दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि आपल्या पंजाने तोंड पुसत राहिला. ते पाणी पावसाचं होतं असं तो आजही म्हणेल.

रीतसर उद्घाटन पाऊस ओसरल्यावर झालं. मोठे साहेब आले, खरी लाल फीत कापली, टाळ्या पडल्या. आभाराची पाळी माझी होती. मी उठणार एवढ्यात सोमारी लेकीला कडेवर घेऊन, कोणी न बोलावता स्टेजसमोर आली. चारचौघांत ती बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. तिने लिमयेसाहेबांकडे पाहिलं, मग रपट्याकडे, आणि माइकची गरज नसलेल्या आवाजात गोंडीतून म्हणाली (एवढ्या फेऱ्यांत मलाही तेवढी गोंडी कळायला लागली होती):

"हा रपटा आहे का मेलेला साप? माझ्या सासऱ्याची पाठ याच्यापेक्षा सरळ आहे! आंधळ्या, डोळे कोणाकडे गहाण टाकून बांधायला बसला होतास?"

आणि तिने लेक त्यांच्या हातात ठेवली.

गाव हसत होतं. लिमयेसाहेबांनी तोंड उघडलं, उलट काहीतरी ठणकावायला हवं हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी ते पोर छातीशी धरलं आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागले. लालसू पुढे होऊन त्यांच्या पाठीवर धपाटे घालायला लागला.

मोठे साहेब माझ्याकडे झुकले. "काय म्हणाल्या त्या बाई?"

"धन्यवाद म्हणाल्या, सर."

"एवढंच? बोलल्या तर बरंच."

मी लिमयेसाहेबांकडे पाहिलं.

"मनःपूर्वक धन्यवाद, सर," मी म्हणालो.